लग्नाच्या धंद्यात मार्केटिंग आणि लिखाणाचं काम करायचंय? मग हे वाचा

लग्नाचा धंदा म्हटलं की लोकांना कार्यालय, केटरर, मेकअप, फोटोवाले एवढेच आठवतात, पण या सगळ्यांसाठी कुणीतरी लिहीत असतं हे फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. कार्यालयाच्या वेबसाईटवरचा मजकूर, केटररचं मेनूकार्ड, मेहंदीवालीच्या इन्स्टाच्या कॅप्शन, फोटोग्राफरचं पॅकेज समजावणारं पीडीएफ, पत्रिका, मंगलाष्टकं, रुखवतावरच्या पाट्या, हे सगळं लिखाणच आहे आणि त्याचे पैसे मिळतात. मी पुण्यात हेच काम करते, मार्केटिंग आणि लिखाण दोन्ही, आणि नवीन मुलं-मुली सारखं विचारतात की सुरुवात कशी करायची म्हणून एका जागी लिहून ठेवतेय.

एक गोष्ट आधीच सांगते कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. या धंद्यातलं गिऱ्हाईक टेन्शनमध्ये असतं. घरातलं पहिलंच कार्य, आयुष्यभराची बचत बाहेर काढलेली, चारशे माणसं येणार, व्याही नवीन, आणि काही बिनसलं तर दुसऱ्या दिवशी सुधारायचा चान्स नाही. अशा माणसाला 'तुमच्या स्वप्नातला सोहळा' वाचून काय मिळणार? त्याला भरवसा पाहिजे असतो आणि भरवसा येतो तो खऱ्या, नेमक्या माहितीने. म्हणून घरच्यांच्या डोक्यात कुठले प्रश्न आहेत ते शोधायचे आणि त्यांनी फोन करायच्या आधीच त्यांची उत्तरं साध्या मराठीत लिहून ठेवायची, आपलं काम मुळात एवढंच आहे.

वाचतंय कोण ते बघा

एकच पान घरातली तीन-चार माणसं वाचतात आणि प्रत्येकाला त्यात वेगळं काहीतरी पाहिजे असतं. मुलगा-मुलगी रील बघून येतात, त्यांना लाईट कसा पडतो, स्टेज कसं दिसतं, मित्रांना नाचायला जागा आहे का हे बघायचं असतं. आई खोल्या किती, बाथरूम कशी आहेत, जेवण कसंय, विहिणीच्या पंगतीची वेगळी सोय होते का हे बघते. वडील सरळ खाली जाऊन रेट शोधतात, आणि तारीख रद्द झाली तर डिपॉझिटचं काय हे. आणि एखादा काका असतोच, तो पार्किंग विचारतो. आता नुसत्या मुलामुलीसाठी लिहिलं की पैसे देणारा माणूस रिकाम्या हाताने परत जातो, आणि नुसतं रेटकार्ड टाकलं तर मुलं तुमच्यापर्यंत येतच नाहीत. त्यामुळे वर फोटो-व्हिडिओ, मध्ये सोयी, खाली पैशांचं सगळं स्वच्छ, असं मी ठेवते.

परदेशातल्या मराठी घरांचं वेगळंच आहे. मुलगी न्यू जर्सीला किंवा बे एरियात, लग्न डिसेंबरच्या सुट्टीत पुण्यात किंवा नाशिकला, आणि सगळं व्हिडिओ कॉलवर ठरतंय. त्यांचा दिवस सुरू होतो तेव्हा इकडे ऑफिस बंद झालेलं असतं, म्हणून त्यांच्यासाठी गेटपासून स्टेजपर्यंत न कापता चालत घेतलेला एक साधा व्हिडिओ आणि सगळी माहिती असलेलं एक पीडीएफ तयार ठेवायला सांगा. म्युझिक लावून कापलेला व्हिडिओ त्यांना नको असतो, त्यांना जागा जशी आहे तशी बघायची असते.

हे सगळं कळायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे कार्यालयाच्या ऑफिसात मॅनेजरच्या शेजारी खुर्ची टाकून बसायचं. फोनवर लोक जे विचारतात ते त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवायचं. 'बाहेरचा आचारी चालेल का', 'हॉल किती वाजता ताब्यात मिळतो', 'आदल्या रात्री मुक्काम करून हळद तिथंच करायचीय, जमेल का', 'होम आत करू देता का', 'लाईट गेली तर', 'पानं कमी झाली तर पैसे परत का'. ही वही म्हणजे तुमची अर्धी कॉपी, म्हणजे जाहिरातीचा मजकूर, झाली समजा. मालकाला विचारलं तर तो म्हणेल आमची खासियत म्हणजे प्रशस्त दालन आणि आपुलकीची सेवा. मॅनेजरला विचारा, तो म्हणेल लोक गिझरबद्दल विचारतात.

कार्यालयाची कॉपी, एक नमुना

बहुतेक ठिकाणी असं लिहिलेलं असतं: 'आपल्या मंगलकार्यासाठी भव्य, प्रशस्त व वातानुकूलित दालन, निसर्गरम्य परिसर, सर्व सोयींनी युक्त, एकदा अवश्य भेट द्या.' हेच वाक्य कुठल्याही गावातल्या कुठल्याही कार्यालयाला चालतं, म्हणजे ते कुणाचंच नाही. आता हे बघा:

'हॉल एसी, ३०० खुर्च्या आरामात बसतात, ३५० च्या वर दाटी होते. जेवणाचा हॉल वेगळा आहे, एका पंगतीला १२० पानं. खोल्या ६, त्यातल्या २ तळमजल्यावर, त्यामुळे आजी-आजोबांना जिना चढावा लागत नाही. गरम पाणी पहाटे ५ पासून. हॉल आदल्या संध्याकाळी ६ ला ताब्यात मिळतो आणि लग्नाच्या दिवशी संध्याकाळी ५ ला सोडावा लागतो. होम स्टेजवर करता येतो. जनरेटर आहे, डिझेल वेगळं धरतो. बाहेरचा आचारी चालतो, स्वयंपाकघराचं भाडं वेगळं. स्पीकर रात्री १० ला बंद.'

आकडे अर्थात प्रत्येक ठिकाणी जाऊन मोजायचे, मालकाने तोंडी सांगितलेले घ्यायचे नाहीत. खुर्च्या मोजा, खोलीत गाद्या किती पडतात ते बघा, गिझर किती वेळात तापतो ते विचारा. '३५० च्या वर दाटी होते' हे वाक्य मालक काढायला सांगेल, तिथे अडून बसा. कारण त्या एका वाक्यामुळे वाचणाऱ्याला बाकीचं सगळं खरं वाटतं, आणि ४५० माणसांचं वऱ्हाड घेऊन येणारं घर आधीच दुसरीकडे जातं, ते नंतर येऊन वाईट रिव्ह्यू लिहीत नाही. स्पीकरचं पण तसंच, रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर बंद हा देशभरातला नियम आहे, तो बुकिंगच्या वेळीच कळला तर रिसेप्शनच्या रात्री डीजेवाल्याशी आणि मॅनेजरशी भांडण होत नाही.

पैशाच्या ओळीत जीएसटी धरून की सोडून हे लिहाच. डिपॉझिट किती, परत कधी, तारीख बदलली तर काय, साफसफाई आणि लाईटबिल त्यात आहे का. 'रेटसाठी संपर्क करा' एवढंच लिहिलं की लोक संपर्क न करता पुढच्या कार्यालयाकडे जातात. नेमका रेट टाकायला मालक तयार नसेल तर निदान 'इतक्यापासून सुरू' आणि त्यात काय-काय येतं एवढं तरी मागून घ्या.

गुगलवरचं बिझनेस प्रोफाईल वेबसाईटच्या आधी नीट करा. कार्यालय शोधणारा माणूस मॅपवरच शोधतो आणि मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत टाईप करतो, तेही प्रत्येकाचं स्पेलिंग वेगळं. म्हणून मजकुरात मंगल कार्यालय, हॉल, लॉन हे शब्द मराठी आणि इंग्रजी दोन्ही लिपींत सहज येऊ द्या, आणि एरियाबरोबर खूण लिहा. पुण्यात 'म्हात्रे पुलाजवळ, डीपी रोड' म्हटलं की लॉनवाल्या रस्त्याचं चित्र लगेच डोळ्यासमोर येतं, पिनकोडने येत नाही. फोटोंमध्ये रिकामा हॉल, सजवलेला हॉल, खोल्या, पार्किंगचं गेट आणि हो, स्वच्छतागृह. तो फोटो टाकायला लोक लाजतात आणि बायका नेमका तोच शोधत असतात.

केटररची कॉपी पटकन सांगते. 'अस्सल महाराष्ट्रीयन चव' असं लिहू नका, पदार्थ लिहा: मसालेभात, मठ्ठा, जिलबी, अळूची भाजी, पंचामृत, काकडीची कोशिंबीर. पंगत की बुफे, एका पंगतीला वाढपी किती, पाण्याची सोय कुणाची, कमीत कमी किती ताटं धरणार, अंतिम संख्या किती दिवस आधी सांगायची. जैन जेवण किंवा कांदा-लसूण नसलेलं वेगळं होतं का ते. बस.

वर्षाचं गणित पंचांगावर चालतं

पंचांग न बघता या धंद्यात मार्केटिंगचा प्लॅन करताच येत नाही, तुमचा स्वतःचा त्यावर विश्वास असो-नसो. आषाढी ते कार्तिकी एकादशी चातुर्मास, त्यात पारंपरिक मुहूर्त नसतात. कार्तिक द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत तुळशीची लग्नं, आणि त्यानंतर माणसांची सुरू. पौष बरेच जण टाळतात. अधिक महिना आला की तोही गेला, जसा २०२६ चा अधिक ज्येष्ठ, १७ मे ते १५ जून, म्हणजे ऐन सुट्टीतला मोक्याचा काळ. गुरू किंवा शुक्राचा अस्त असला तरी तसंच, मे-जून २०२४ मध्ये नेहमीचे मुहूर्त जवळपास नव्हतेच आणि लोकांनी लग्नं अलीकडे घेतली, पलीकडे ढकलली किंवा गुरुजींना विचारून काढीव मुहूर्त घेतले.

यातून आपल्याला काय करायचं? सोलापूरचं दाते पंचांग बाजारात आलं की पुढच्या वर्षाच्या मुहूर्तांच्या तारखा वहीत काढायच्या आणि क्लायंटच्या बुकिंगच्या तारखांशी ताडून बघायच्या. जाहिरातीचा पैसा लग्नाच्या महिन्यात घालवायचा नसतो, तारखा ठरतात त्या महिन्यात घालवायचा. दिवाळीत घरं भरलेली असतात, पाहुणे आलेले असतात, तेव्हा 'यंदा बघायला सुरुवात करू' हे बोलणं होतं, तिथे तुमचा क्लायंट दिसला पाहिजे. मुहूर्त नसलेल्या महिन्यांत साखरपुडा, रिसेप्शन, डोहाळजेवण, बारसं, साठीशांत यांच्यासाठी हॉल रिकामा आहे हे सांगायचं. आणि चातुर्मासात तुम्ही स्वतः वेबसाईटी, मेनूकार्डं, फोटोंची छाननी अशी निवांतपणे करायची कामं उरकून घ्या, सिझनमध्ये मालक तुम्हाला दोन मिनिटं पण देऊ शकत नाही.

फक्त सगळी लग्नं मुहूर्तावर होतात असं धरू नका. बौद्ध पद्धतीच्या लग्नाला मुहूर्त नसतो, रविवार आणि हॉलची तारीख बघतात. सत्यशोधक पद्धतीने लग्न करणारी घरं आहेत, महात्मा फुल्यांनी १८७३ साली समाज स्थापन केला तेव्हापासूनची ती परंपरा आहे, तिथे भटजी नसतात. रजिस्टर करणारे स्पेशल मॅरेज ॲक्टखाली ३० दिवस आधी नोटीस देतात आणि मग एक छोटं जेवण ठेवतात, या लोकांना ५० माणसांचा हॉल पाहिजे असतो आणि त्यांच्यासाठी फार कमी जण लिहितात. आगरी-कोळी घरांत हळदीचा थाट लग्नाच्या तोडीचा, त्यामुळे ठाणे-रायगडच्या डेकोरेटरने हळदीचं पान वेगळंच केलं पाहिजे. कॉपीत 'गुरुजी आणि सप्तपदी' सगळ्यांवर लादली की यातली सगळी घरं तुम्ही दारातूनच परत पाठवता.

पत्रिका: इथे डोळ्यात तेल घालून

पत्रिका लिहिणं सोपं वाटतं कारण साचा ठरलेला आहे, 'आमचे येथे श्रीकृपेकरून' पासून 'आपले विनीत' पर्यंत. पण घरोघरीची भांडणं पत्रिकेवरूनच होतात, म्हणून लिहायला बसण्याआधी विचारायचं खूप असतं. नावं कुठल्या क्रमाने, आईचं नाव वडिलांच्या बरोबरीने छापायचं का, मामा-काकांपैकी निमंत्रक कोण, गेलेल्या माणसांचं नाव 'कै.' लावून घ्यायचं का. आई एकटी असेल तर 'गं. भा.' लावायचं का हे स्वतःहून ठरवू नका, हळूच त्यांनाच विचारा, बऱ्याच जणींना आता फक्त 'श्रीमती' हवं असतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला तेव्हापासून या विषयावर घरांत मोकळेपणाने बोललं तरी जातं. हळदीच्या निमंत्रणात 'सवाष्णींनी यावे' लिहिण्याआधी पण हाच विचार करा, ज्या मुलीची आईच त्या शब्दात बसत नाही तिच्या हळदीला तो शब्द नको.

मिती आणि शके गुरुजींकडून घ्या, पण स्वतः तपासा. जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंत इसवी सनातून ७९ वजा करायचे, पाडव्यानंतर ७८. म्हणजे फेब्रुवारी २०२६ चं लग्न शके १९४७ मध्ये आणि एप्रिल २०२६ चं शके १९४८ मध्ये. जुन्या पत्रिकेतून कॉपी-पेस्ट केलं की नेमकं इथेच फसतं. संवत्सराचं नाव पण बघून घ्या, शके १९४८ चं नाव 'पराभव' आहे आणि लग्नाच्या पत्रिकेवर ते छापायचं का हे घरच्यांनी ठरवायचं, तुम्ही फक्त वेळेत सांगायचं.

मग छपाई. तुम्ही युनिकोडमध्ये टाईप करता आणि बरेच प्रेसवाले अजून श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये काम करतात, ते तुमचा मजकूर कन्व्हर्ट करतात आणि तिथे जोडाक्षरं मोडतात. 'वऱ्हाड' मधला ऱ्ह, 'दुसऱ्या' मधला ऱ्या, 'विद्या' मधला द्य, 'आशीर्वाद' मधला रफार, ही ठरलेली ठिकाणं आहेत. म्हणून वर्डची फाईल बघून ओके देऊ नका, प्रेसमधून आलेलं शेवटचं प्रूफ बघा, तेही कागदावर, आणि नावं शेवटाकडून सुरुवातीकडे वाचा म्हणजे सवयीने पुढे सरकत नाही. दोन्ही घरच्या एकेका माणसाची सही घ्या प्रूफवर. व्हॉट्सॲपवरची डिजिटल पत्रिका करत असाल तर फॉन्ट मराठी वळणाचा घ्या, पाकळीवाला ल आणि देठवाला श असलेला, गुगल फॉन्ट्सवर 'टिरो देवनागरी मराठी' फुकट मिळतो. हिंदी वळणाचा श मराठी पत्रिकेवर मला खटकतो, आणि आजोबा लोकांना तर खटकतोच खटकतो.

'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!' ही ओळ मात्र काढू नका, कितीही मॉडर्न डिझाईन असू दे. खाली भाच्या-पुतण्यांची नावं शोधायला लोक पत्रिका पुन्हा उघडतात.

मंगलाष्टकं लिहून देणं

हे काम मला सगळ्यात आवडतं आणि लिहिता येणाऱ्याला यात खरोखर मागणी आहे, कारण घरच्यांना आपल्या माणसांची नावं, आठवणी गुंफलेली कडवी पाहिजे असतात आणि मोबाईलवर तयार मिळतात ती सगळी सारखी. मंगलाष्टकं शार्दूलविक्रीडित वृत्तात म्हणतात. एका ओळीत १९ अक्षरं, गण म स ज स त त आणि शेवटी एक गुरू, आणि १२ व्या अक्षरावर थांबा. चाल सगळ्यांच्या कानात बसलेली असते त्यामुळे एक मात्रा जरी इकडेतिकडे झाली तरी म्हणणारी आत्या तिथेच अडखळते आणि मांडवात सगळ्यांना कळतं.

उदाहरण म्हणून या दोन ओळी बघा:

दारी तोरण बांधले नवनवे, आले सखे सोयरे
आजोबा बघती हसून नवरी, डोळ्यांत पाणी उभे

मोजून बघा, दा-री-तो तिन्ही गुरू, र-ण लघु, बां गुरू, असं करत नवनवे वर बारा अक्षरं होतात, तिथे श्वास, आणि पुढे सात. ती सात आणि 'कुर्यात् सदा मंगलम्' ची सात एकाच मापाची आहेत, म्हणून शेवट आपोआप जुळतो. खरी कसरत नावांची. ऋतुजा म्हणजे लघु-लघु-गुरू, ते चौथ्या अक्षरापासून चपखल बसतं. श्रावणी किंवा मैथिली गुरू-लघु-गुरू, ते सहाव्यापासून. अनिकेत चौथ्यापासून. पण प्रत्येक नाव बसेलच असं नाही, तेव्हा नावाला ओढूनताणून ऱ्हस्व-दीर्घ करू नका, टोपणनाव विचारा किंवा गावाचं, आजीचं नाव आणा. घरच्यांशी अर्धा तास फोनवर बोला, मुलगी लहानपणी काय करायची, आजोबांनी काय शिकवलं, आणि त्यातली एकच गोष्ट एका कडव्यात घ्या. झालं की स्वतः मोठ्याने चालीवर म्हणून ऑडिओ पाठवा, नुसता मजकूर पाठवला की घरचे तो कवितेसारखा वाचतात आणि म्हणतात काहीतरी चुकलंय. कडवी तीन-चारच ठेवा, अंतरपाट धरलेल्यांचे हात दुखतात आणि मुहूर्ताची वेळ निघून जाते.

रील, कॅप्शन आणि परवानगी

मेकअप, मेहंदी, फोटो, डेकोरेशन यांचं गिऱ्हाईक इन्स्टावर ठरतं. कॅप्शन लिहिताना विधीचं नाव बरोबर लिहा, एवढ्यानेच तुम्ही निम्म्या लोकांच्या पुढे जाता. गौरीहार पूजणाऱ्या मुलीच्या फोटोखाली 'हळदीचे रंग' लिहिलेलं असतं, कानपिळीच्या फोटोखाली नुसतंच 'मस्ती'. नवरीचा भाऊ नवऱ्याचा कान पिळतोय, त्याला कानपिळी म्हणतात, ते लिहा. सूनमुख, झाल, सीमांतपूजन, हे शब्द वाचले की आयांना कळतं की या माणसांना आपल्याकडचं लग्न माहितीये, कुठला क्षण पकडायचा ते यांना सांगावं लागणार नाही. दागिन्याचंही नाव घ्या, ठुशी की चिंचपेटी की तन्मणी, नुसतं 'ट्रॅडिशनल ज्वेलरी' नको. पैठणी येवल्याची हातमागावरची असेल तरच येवल्याची लिहा, छापील किंवा सेमी असेल तर त्यात लाजण्यासारखं काही नाही पण अस्सल म्हणू नका.

आता परवानगी, इकडे कुणी लक्ष देत नाही. आपल्या कॉपीराईट कायद्यात, १९५७ च्या, कलम १७ प्रमाणे पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक तो काढून घेणारा असतो, वेगळा करार नसेल तर. म्हणजे लग्नाचे फोटो नवरा-नवरीचे किंवा ज्यांनी काम दिलं त्यांचे. फोटोग्राफरला ते स्वतःच्या पेजवर टाकायचे असतील तर बुकिंगच्या कागदावरच तशी ओळ पाहिजे आणि ती साध्या मराठीत लिहून देणं हे तुमचं काम: 'फोटो आमच्या इन्स्टाग्राम आणि वेबसाईटवर वापरायला तुमची हरकत नाही ना? हो / नाही / फक्त चेहरा न दिसणारे.' तो तिसरा पर्याय ठेवाच, बऱ्याच घरांना तोच हवा असतो. लहान मुलांचे फोटो त्यांच्या आई-वडिलांना विचारल्याशिवाय नकोच. जेवणाऱ्या लोकांचे तोंडात घास असलेले पण नको, ते त्यांना आवडत नाही.

गाण्यांचं असं आहे की लग्नात, वरातीत गाणी वाजवायला त्याच कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे, पण तुमच्या क्लायंटच्या धंद्याच्या रीलला ती लागू होत नाही. इन्स्टाच्या बिझनेस अकाऊंटला सिनेमाची चालू गाणी बरीच मिळत नाहीत ती याचसाठी. त्यापेक्षा प्रत्यक्ष आवाज वापरा, सनई-चौघडा, बायकांनी म्हटलेले उखाणे, पंगतीतला वाढप्यांचा गलका. परवानगी घेऊन. हे रील लोक शेवटपर्यंत बघतात.

एखाद्या इन्फ्लुएन्सर मुलीचा मेकअप फुकट करून दिला आणि तिने पोस्ट टाकली तर ती जाहिरात आहे, तसं पोस्टवर लिहिलं पाहिजे, जाहिरात परिषदेचे म्हणजे एएससीआयचे नियम २०२१ पासून हेच सांगतात. आणि रिव्ह्यू विकत घेऊ नका, डिस्काऊंटच्या बदल्यात पण नको, गुगलला ते चालत नाही आणि वाचणाऱ्याला वास येतो. खरा रिव्ह्यू मागायची वेळ म्हणजे लग्नानंतर आठ-दहा दिवसांनी, सत्यनारायण झाला, पाहुणे गेले, घर जरा शांत झालं की. तेव्हा 'रिव्ह्यू द्या' असं मोघम न म्हणता एक प्रश्न विचारा, 'जेवणाबद्दल पाहुणे काय म्हणाले?' उत्तर आलं की तेच गुगलवर टाकायची विनंती करायची. वाईट रिव्ह्यू आला तर मालकाला रात्री उत्तर लिहू देऊ नका. सकाळी, शांतपणे, काय झालं होतं, काय बदललं, एवढंच, आणि गिऱ्हाईकाच्या घरातली गोष्ट उघड्यावर काढायची नाही.

पहिलं काम आणि पैसे

मोठ्या कार्यालयाच्या मागे लागू नका. आपल्याच एरियातली एखादी मेहंदीवाली, रुखवत करून देणाऱ्या ताई, छोटा केटरर, असं कुणीतरी गाठा. तिचे गेल्या सिझनचे व्हॉट्सॲप चॅट नजरेखालून घाला आणि परत-परत आलेल्या प्रश्नांची उत्तरं व्हॉट्सॲप बिझनेसच्या क्विक रिप्लायमध्ये लिहून द्या. 'दोन्ही हात कोपरापर्यंत इतके, पाय वेगळे, येण्याजाण्याचा खर्च शहराबाहेर वेगळा, ॲडव्हान्स आल्यावर तारीख पक्की.' दिवसातला तिचा तासभर वाचतो आणि हे तिला लगेच दिसतं, वेबसाईटचा फायदा दिसायला महिने जातात. ताई खूश झाल्या की त्या तुमचं नाव मेकअपवालीला सांगतात, ती फोटोवाल्याला, या धंद्यात सगळे एकमेकांना ओळखतात. एकाच रस्त्यावरची दोन कार्यालयं एकाच वेळी घेऊ नका मात्र, दोघांचे रेट तुम्हाला माहीत असतात आणि ते बरं दिसत नाही.

रेट शब्दांवर लावू नका. मंगलाष्टकाचं एक कडवं ७६ अक्षरांचं असतं आणि त्याला एक संध्याकाळ जाते. कामावर रेट लावा, किती वेळा बदल करून देणार ते आधी लिहून द्या, पत्रिकेत प्रूफवर सही झाल्यानंतरचा बदल वेगळ्या पैशांचा. निम्मे पैसे आधी. महिन्याचं सोशल मीडियाचं काम असेल तर सिझन आणि बिगर-सिझन दोन्ही धरून वर्षाचा करार करा, नाहीतर आषाढात तुम्हाला थांबवतात आणि कार्तिकात घाईघाईने परत बोलावतात. सेवा देणाऱ्यांना महाराष्ट्रात वर्षाला २० लाखांच्या वर उलाढाल गेली की जीएसटी नोंदणी लागते, त्याच्या आत असाल तरी बिल नंबर घालून द्या, आणि कुणी टीडीएस कापला तर तो तुमच्या पॅनवर जमा झालाय का बघा. आणि जुनी थकबाकी तुळशीच्या लग्नाच्या आत वसूल करा, कारण एकदा मांडव उभे राहिले की पुढचे चार महिने मालक फोन उचलतो तो फक्त आचाऱ्याचा.